सांगून जाणं

८ मार्च, शनिवार

आज बाबांवर ओरडले. तेही मंदारसमोर, त्यांच्या जावयासमोर!

कारण म्हटलं तर साधं. तीन वर्षं ऑफिसात काढल्यावर मंदार पुन्हा बोटीवर चाललाय. पुढच्या शनिवारी, चार महिन्यांसाठी. लेकीला, किमयाला कसं सांगायचं, एवढाच विषय होता. बाबा म्हणाले, "सांगायचं कशाला? खाली हॉकर सेंटरच्या खाऊच्या गाळ्यांवर ने, उसाचा रस पाज. तोवर हा निघेल. पोरं विसरतात गं."

आणि मंदार चक्क मान डोलावतोय! म्हणे, ती रडली तर माझा पाय निघणार नाही.

उसाचा रस. नेमका तोच! तोंडून निघूनच गेलं, "पोरं विसरत नाहीत, बाबा. तुम्ही दर खेपेला असेच पळालात."

बाबा सोललेले मटार पुन्हा सोलल्यासारखे करत बसले.

९ मार्च, रविवार

बाबांशी बोलणं बंद. चहा विचारण्यापुरतं चालू.

१० मार्च, सोमवार

लिहूनच टाकते एकदा. डोंबिवली. आई म्हणायची, "चल, रस पिऊ." एरवी हाफ, पण त्या दिवशी फुल ग्लास! चरकाचे घुंगरू, आलं, लिंबू. घरी यावं तर बाबांची बोटीची बॅग नाही आणि बाबाही नाहीत. आठ महिने! दोन-तीन खेपांनंतर मी शहाणी झाले. फुल ग्लास समोर आला की तो तसाच टाकून घराकडे पळायचे. एकदाही गाठ पडली नाही.

अजून कुणी आपणहून लाड केले की माझी नजर दाराकडे जाते. लग्नानंतर मंदारने पहिला गजरा आणला, तर मी विचारलं, "कुठे चाललास?" आज बॉसबाईंनी सगळ्यांना रॅफल्स प्लेसला जेवायला नेलं. मी ऑफिसातल्या शैलेंद्रच्या कानात, "नोकऱ्या जाणार रे बहुतेक." बाईंचा वाढदिवस होता! तो अजून हसतोय. मीही हसले, पण घास उतरला तो केक आल्यावरच.

आणि बाबा परत यायचे तेही तितकंच लख्ख आठवतं. अंगाला डिझेल आणि परदेशी साबणाचा वास. मला खांद्यावर बसवून बिल्डिंगभर फिरवायचे. "ही आमची चीफ इंजिनिअर!" मिक्सर बिघडला तर खोलायला मला बसवायचे. मी इंजिनिअर झाले ती त्या मिक्सरपायी. एकाच माणसाची ही दोन्ही देणी. म्हणूनच धड रागावताही येत नाही.

१२ मार्च, बुधवार

आईला फोन केला. गुडघ्यामुळे ती या वेळी आली नाही. बाबांशी झालेलं भांडण सांगितलं. ती मग म्हणाली, "त्यांना कशाला बोललीस? तो बेत माझा होता."

पहिल्यांदा बाबा सांगून गेले होते म्हणे! मी टॅक्सीमागे धावले, पडले, मग चांगला सणकून ताप. मला यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. "ते गेले निघून. मागे तुला घेऊन मी एकटी! मला नाही झेपलं गं. शपथ घातली त्यांना, यापुढे सांगायचं नाही म्हणून." आणि मग हळूच, "तू त्यांच्यावर रुसायचीस, मी गप्प बसायचे. सोयीचं होतं मला."

चीड यायला हवी होती. आधी हुश्श झालं! बाबा पळत नव्हते. इतकी वर्षं मी त्यांना मनात पळवत होते. आणि आईवर तरी काय रागवायचं, सव्वीस वर्षांची पोर होती ती.

बाबांना विचारलं, शनिवारी का नाही सांगितलंत? "तुझी आई आहे ती. आणि ऐकलं तर मीच ना? मलाही ते सोपं गेलं."

"मग परत तेच कशाला सुचवलंत?"

"मला दुसरं काही येतच नाही, योगू."

१३ मार्च, गुरुवार

किमयाला सांगितलं. मी आणि मंदार, दोघांनी मिळून. मीच अडखळत होते. ती मात्र शांत, तिच्या इथल्या शाळेतल्या इंग्रजीत, "आय नो, लाह. पप्पाची बिग बॅग बाहेर आहे ना."

मग जरा थांबून, "कॅन क्राय ऑर नॉट?"

मंदारने माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "कॅन."

१५ मार्च, शनिवार

मरीना साउथ पिअर, मोठ्या बोटीकडे नेणाऱ्या लाँचचा धक्का. किमया रडली. चांगलं भोकाड पसरून, आजूबाजूचे लोक वळून बघेपर्यंत! मंदारने तिला कडेवर घेतलं, "येतो हं," म्हणाला आणि लाँचमध्ये बसला. त्याचेही डोळे भरलेले. लाँच दिसेनाशी होईपर्यंत ती हात हलवत होती, मुसमुसत होती. मी धरून उभी. आतून सारखं वाटत होतं, चुकलं आपलं, चुकलं.

मग तिने नाक पुसलं. "आजोबा, आय अ‍ॅम हंग्री."

दोन प्राटे, म्हणजे इथले पराठे, खाल्ले! वर माझ्यातला अर्धा. पप्पा बोटीवर कुठे झोपतो, ते आजोबांकडून टिशू पेपरवर काढून घेतलं. बाबांचा प्राटा तसाच होता. तिच्याकडे बघत हळूच म्हणाले, "एवढंच होतं होय?"

थोड्या वेळाने पुन्हा तेच.

मी घरी येऊन दुपारी गाढ झोपले. अशी झोप कित्येक दिवसांत लागली नव्हती.

२२ मार्च, शनिवार

बाबांचं सकाळचं विमान. किमया झोपलेली, मंदार बोटीवर, त्यामुळे मला सोडायला जाता येणार नव्हतं. उठवा म्हटलं होतं, पण खात्री नव्हती. पहाटे खांद्यावर हात आला. "योगू, ऊठ. निघतोय मी."

लिफ्टपर्यंत गेले आणि तिथेच बांध फुटला. एक्केचाळिसाव्या वर्षी, नाइटीवर, भोकाड! लिफ्ट आली, गेली. खाली टॅक्सी उभी. बाबांनी बॅग खाली ठेवली आणि माझं रडून होईपर्यंत थांबले.