डुकरांसाठी काडतूस

मार्गशीर्ष, मंगळवार, दिवेलागण

आज साखर कारखान्याच्या चेअरमनच्या उसात बंदूक घेऊन गेलतो. कशापायी गेलो? त्यानं बोलावलं म्हणून. मागच्या साली ह्याच माणसानं माझी ऊसतोड मागं ढकलली. कारखान्याची टोळी आली तवर माझ्या उसाला तुरा आलता, कांडं आतून पोकळ. यंदा दुष्काळात माझं रान उघडं पडलंय. शिवारात हिरवा ऊस फक्त त्याचा, अन् डोंगरातली समदी डुकरं त्यातच.

नवी रायफल दाखवत म्हणला, "शंकर, डुकराला हीच चालंल ना रं?"

'चालंल' हे तोंडावर आलतं. पण उसापल्याड तोडकऱ्यांच्या पाचटाच्या कोप्या, बाया चुली पेटवून बसलेल्या. नेम चुकला तर रायफलची गोळी पार तिथवर जाते. त्या बायांनी माझं काय वाकडं केलं?

"न्हाई साहेब, ती ठेवा. उसात माझी बारा बोरची बंदूकच बरी."

डुकराला गोळीचं काडतूस लागतं. ते खिशातच राहू दिलं अन् तितराचा बारीक छर्रा भरला. दोन बार काढले. डुकरं आवाजानंच पळाली. एकाला तरी खरचटलं असंल का? चेअरमन लई खूश, पाठीवर थाप मारली. तुरा आठवला.

मी बांधावर पोचेस्तोवर डुकरं परत उसात. कांडी मोडल्याचा कडाकडा आवाज.

आत्ता त्याचा गडी येऊन गेला. "साहेब म्हणतेत, उद्या बी या."

म्हणलं, "सांग, रोज येतो." त्याच्या उसाला तुरा येणार न्हाई. डुकरं तोड वेळेवर करतेत.