पडद्यामागची डावखुरी

१० फेब्रुवारी १९४६, पोशीर

लहानपणी पाहिलेली गोष्ट खोटी निघाली, तर तिच्या जोरावर काढलेली वर्षंही खोटी ठरतात का? मला उत्तर येत नाही. बी. ए. होऊनही.

काल कर्जतच्या जत्रेत, तंबूत, तो जुना बोलपट पुन्हा लागला. दहा वर्षांपूर्वी तिथंच पाहिलेला. तेव्हा बायकांना पडद्याच्या मागं बसवत. कापडावर पाणी मारलं की चित्र आरपार दिसे. नायिका बापानं ठरवलेल्या नवऱ्याला नकाराची चिठ्ठी लिहिते, लिहिता लिहिता गाते, नाकाला शाई लावून घेते — आणि माळी बनून आलेला तोच नवरा खिडकीबाहेर झारीवर ताल धरतो. बायका हसून लोळत होत्या. मी फक्त तिचा हात पाहत होते. डावा. माझ्यासारखा.

त्यानंतर शाळेत त्या हातावर कितीही छड्या बसल्या, तरी मी हात बदलला नाही. मॅट्रिक, कॉलेज — सगळं त्याच हातानं.

काल पहिल्यांदा पडद्यासमोर बसले. ती उजव्या हातानं लिहिते. मागून सगळं उलटं दिसतं, एवढं मला कधी सुचलं नाही!

आई म्हणाली, "रडतीस कशाला गं? हसायचा शिनमा हाय."

१२ फेब्रुवारी

रविवारी खालापूरचे पाहुणे येणार. वाल्मिक मास्तर तिथं शाळेत शिकवतात. कर्जतच्या वाचनालयात दोनदा बोललो होतो. मागणी त्यांनीच घातली. मला ते आवडतात. लिहून टाकलं.

शिकलेल्या मुलीला पाहुणे नाव लिहून दाखवायला सांगतात. आई त्याच धास्तीत. "डाव्या हाताची सून देवाधर्माला चालत नाय. हात पदराखाली ठेव. लगीन झालं का लिव्ह कसंबी."

हो म्हणाले. आता कुणाचं नाव सांगून भांडू?

१४ फेब्रुवारी

उजव्या हातानं पानभर नाव गिरवलं. अक्षर चांगलं येतंय. माझं वाटत नाही.

१६ फेब्रुवारी

पडद्यावरची ती डावखुरी नव्हतीच. मग एवढी वर्षं एकटी मीच लिहीत होते.

१७ फेब्रुवारी

पाहुणे गेले. चहा तसाच राहिला. मास्तर त्यांच्या आईच्या मागोमाग उठले, दारात थबकले आणि निघून गेले. आमची आई चुलीपाशी बसून आहे.

मी नाव डाव्या हातानं लिहिलं.