भगवंतरावांचं सीआरपी

जठारपेठ, अकोला
१३ जानेवारी २०२५

ती. वच्छलाबाईंना लीलाचा सा. न. वि. वि.
फोनवर बोललं की तुमच्या भावाला सगळं ऐकू जातं, म्हणून पत्र. त्यांच्या आतड्यातल्या कॅन्सरच्या गाठीचं ऑपरेशन पुन्हा लांबलं. रक्तातलं सीआरपी अठ्ठावन्न निघालं. अंगात कुठंतरी सूज आहे. आकडा दहाच्या आत आल्याशिवाय डॉक्टर हात लावणार नाहीत. मला वाटतं हे बीपीसारखंच, चिडलं की चढतं. म्हणून घरात कोणी त्यांचा शब्द खाली पडू देत नाही. आज सोमवारी त्यांनी गुरुवार आहे म्हटलं, तर आमच्या विपुलनं कॅलेंडरच उतरवलं. तुम्हीही भावाला दोन गोड ओळी लिहा.
लोभ आहेच, तो भांडणापुरता नसावा.
आपली, लीला

अमरावती
१६ जानेवारी

चि. भगवंतास अनेक आशीर्वाद.
चाळीस वर्षं मी उगाच वाद घातला. उन्हाळा अकोल्याचाच, आमच्या अमरावतीचं ऊन त्यापुढे काहीच नाही. तू म्हणशील ते खरं. जिवाला जप.
तुझी ताई, वच्छला

अकोला
२० जानेवारी

ती. ताईस भगवंताचा सा. न.
तुझं पत्र भेटलं. घरात मी मुद्दाम सोमवारले गुरुवार म्हणून पाहिलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. वरणाले कढी म्हटलं, तर लीलानं कढी म्हणूनच वाढलं. आता तूही अकोल्याचं ऊन मानलं! ताई, खरं सांग, मी मरून राहिलो का? सगळ्यांले माहीत अन् मलेच नाही? आकडा एकाहत्तरवर गेला. मले भेव वाटते. एकदा ये अन् धड भांड.
चूकभूल माफ करू नये.
तुझा, भगवंता

अकोला
३ फेब्रुवारी

ती. वच्छलाबाईंना सा. न. वि. वि.
त्या दिवशी तुम्ही आलात आणि उंबऱ्यातूनच अमरावतीचं ऊन काढलंत. यांनी ओरडायला तोंड वासलं, तेव्हा तुम्हाला ती मागची दाढ दिसली. हिरडी बोराएवढी सुजलेली! दाताच्या डॉक्टरला भिऊन हे महिनाभर दुखणं गिळत होते, आणि चिडतील म्हणून आम्ही काही विचारतच नव्हतो. दाढ काढली, पू निघाला, औषधं झाली. काल सीआरपी सहा आलं. रागाचा काही संबंध नाही म्हणून डॉक्टर मलाच हसले.
गाठ अजून आहे, बाई. मला रडू येतं. पण ऑपरेशनची तारीख मिळाली, येत्या गुरुवारची. कॅलेंडर पुन्हा लावलं आणि तीनदा पाहिलं, खराच गुरुवार आहे. यांचा निरोप आहे की वाद अर्धा राहिलाय, शुद्धीवर आल्यावर तुम्ही समोर हव्यात.
लवकर या, आणि अकोल्याचं ऊन मुळीच मानू नका.
आपली, लीला