जुन्या मुरडगावचे उंबरे

२ डिसेंबर २०२४, सोमवार

आलो एकदाचे! नांदेडहून सकाळची एसटी, लातूरला गाडी बदलली, औशाच्या पुढे काळी-पिवळी जीप, आणि जीपमध्ये माझ्या मांडीवर कुणाचं तरी मेथीचं गाठोडं. माझ्या नवऱ्याला, अमरनाथला, त्याचं काहीच नव्हतं. तो खिडकीतून मान बाहेर काढून गावांच्या पाट्या मोठमोठ्याने वाचत होता. शाळेची सहल निघाली होती जणू.

नवं मुरडगाव म्हणजे भूकंपानंतर वसवलेली वस्ती. सरळ रस्ते, एकसारखी घरं. सामान उतरवून मी दुकानात गेले आणि परत येताना खुशाल दुसऱ्याच्याच घरात शिरले. तिथल्या बाईंनी आधी चहा दिला, मग पत्ता विचारला.

ओढ्यापलीकडे जुनं मुरडगाव. त्र्याण्णवच्या भूकंपात पडलं ते तसंच आहे. एका समितीने त्याला कुंपण घालून स्मृती उद्यान केलंय. फरसबंद वाटा, बाकडी, तिकिटाची खिडकी, पाण्याची टाकी. जानेवारीत उद्घाटन आहे. कोणतं घर कुणाचं हे विचारून पाट्या तयार करायच्या, हे माझं काम. शेजारचे गुरुपादप्पा आणि त्यांची बायको नागम्मा यांना जुनं गाव तोंडपाठ आहे म्हणे, त्यामुळे माझं अर्धं ओझं उतरलं.

खरी हौस अमरनाथची. तो इथलाच. दीड वर्षाचा असताना तापाने फणफणला म्हणून मडिवाळप्पाकाका त्याला नांदेडला दवाखान्यात घेऊन गेले आणि त्याच आठवड्यात गाव पडलं. आई, वडील, आजी, मोठी बहीण, कुणीच राहिलं नाही. काकांनी पोटच्या पोरासारखा वाढवला, पण गावाकडे एकदाही आणलं नाही. कानडीसुद्धा शिकवली नाही, आणि इथे निम्मं गाव कानडी मिसळून बोलतं. हिशेबाची कामं तो लॅपटॉपवर कुठूनही करतो. मला काम मिळाल्याचं कळताच माझ्याआधी त्याने बॅग भरली होती.

५ डिसेंबर, गुरुवार

आज मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. आईच्या घरापासूनची सवय, मी उपास सोडत नाही.

अमरनाथचं घर गुरुपादप्पांनी काल दाखवलं. माळवदी छप्पर कधीच खाली आलंय, भिंती छातीएवढ्या उरल्यात, मधोमध बोरीचं झाड. दाराची सागवानी चौकट मात्र ताठ उभी आहे, आणि तिच्या पायाशी दगडी उंबरा, मातीने पार माखलेला. मला तो बघवेना. माझ्या सासरचा उंबरा तो, आणि त्यावर शेळ्यांच्या लेंड्या! सकाळी बादली, खराटा आणि हळद-कुंकू घेऊन गेले. घासून घासून धुतला. सडा टाकला, रांगोळी काढली, हळदीची बोटं ओढली, लक्ष्मीची पावलं काढली, बाहेरून आत जाणारी. दगडाचा काळा रंग असा काही उजळला की हुरूप आला. मग काय, त्या ओळीतला गुरुपादप्पांचा आणि उद्यानाचे रखवालदार रेवणसिद्ध यांच्या आईचा, असे आणखी दोन उंबरे धुऊन पुजले. पर्यटकांना फोटोला छान दिसेल हाही विचार होताच, खोटं कशाला बोलू.

अमरनाथ बराच वेळ चौकटीबाहेर उभा राहिला. मग चपला काढून आत गेला आणि बोरीखाली उगाचच बसून आला. डोळे ओले होते. आपण कुणासाठी तरी काहीतरी चांगलं केलं असं मला आज फार दिवसांनी वाटलं.

७ डिसेंबर, शनिवार

माझ्या उत्साहावर आज पाणी पडलं. गुरुपादप्पा नावं सांगायला आले आणि स्वतःच्या उंबऱ्यासमोर थबकले. तिथूनच मागे फिरले. थोड्या वेळाने नागम्मा धापा टाकत आल्या. हे कुणी केलं, असं त्यांनी विचारलं. मी केलं म्हणाले तर मटकन खालीच बसल्या.

“अय्यो शिवा! बाई, हे काय करून ठिवलाव तुमी?”

त्यांचं म्हणणं असं. उंबरा धुतला, पुजला की घर चालू होतं. आणि चालू झालेलं घर आपली माणसं मागतं. म्हणून इथे वर्षश्राद्धालासुद्धा लोक फुलं लांबून ठेवतात, उंबऱ्याला पाण्याचा थेंब लागू देत नाहीत. मला आधी का नाही सांगितलं, विचारलं, तर म्हणाल्या की पडलेल्या घराचा उंबरा कुणी पुजेल असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग पदराने त्यांनी सगळे उंबरे पुसून काढले. मी हात बांधून बघत राहिले. राग आला होता, लाजही वाटत होती.

अमरनाथ मात्र हसला. घराला माणसं हवीच असतात, त्यात काय एवढं, असं म्हणाला.

१० डिसेंबर, मंगळवार

उंबरे पुन्हा पुजलेले. रोज सकाळी आम्ही पोचायच्या आत सडा पडलेला असतो, ओला. रांगोळी ताजी. आधी मला वाटलं अमरनाथ करतोय, त्याला वाटलं मी करतेय. रेवणसिद्ध शपथेवर सांगतात की फाटकाची किल्ली त्यांच्याच कमरेला असते. गावातल्या कुणाला तरी माझी गंमत करायची आहे, असं मी स्वतःला बजावलं.

पण पावलं माझ्या हातची नाहीत. मी ठिपक्यांची काढते, माझी आई काढते तशी. ही अख्ख्या तळव्याची आहेत. लहानमोठी. सगळी आत जाणारी.

१३ डिसेंबर, शुक्रवार

गुरुपादप्पा गेले.

काल दुपारी जेवणावरून उठून कुठे गेले ते कळलं नाही. आज सकाळी त्यांच्या जुन्या घरात सापडले. मागच्या भिंतीला पाठ टेकून, मांडी घालून बसलेले, डोळे मिटलेले. लिंगायतांत माणसाला बसवूनच माती देतात. त्यांना बसवावं लागलं नाही.

डॉक्टर म्हणाले हृदयविकार. वय झालं होतंच. मीसुद्धा तेच म्हणत होते, सगळ्यांना पटवत होते. नागम्मा रडल्या नाहीत. माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाल्या, “मालक पुढं गेले. माझं बी घर तेच हाय की.”



१७ डिसेंबर, मंगळवार

रेवणसिद्धसुद्धा. आईच्या घरात, तसेच बसलेले. किल्ली कमरेला होती, फाटकाचं कुलूप तसंच लागलेलं.

समितीच्या माणसाला फोन केला. उद्घाटन तोंडावर आलंय, अफवा पसरवू नका, असं सुनावलं त्याने मला. गावातली जुनी माणसं एकेक करून लातूरला, पुण्याला मुलांकडे निघालीत. रस्त्यात कुणी माझ्याशी बोलत नाही. बरोबरच आहे त्यांचं. मी त्यांच्या जागी असते तर दगड मारला असता.

मला पाट्यांचं काही पडलेलं नाही आता. अमरनाथला घेऊन इथून निघायचं, बस. पण तो ऐकत नाही. दिवसभर तिकडेच असतो. बोरीखालचा पाला झाडतो, पडलेले दगड भिंतीला नीट लावतो. आज कधी नव्हे ते गुणगुणत होता. तिथे भाकरी भाजल्याचा वास येतो म्हणाला. मला नाही आला.

१९ डिसेंबर, गुरुवार

आज उपास नाही, पूजा नाही. हात लागत नाही हळदीला.

उद्यानाच्या कामावरच्या जेसीबीवाल्याच्या हातापाया पडून आमचा उंबरा उखडला आणि ओढ्यात टाकला. अमरनाथ बाजूला उभा राहून बघत होता. अडवलं नाही. मला जरा धीर आला.

२० डिसेंबर, शुक्रवार

जागेवर आहे. धुतलेला. हळदीची बोटं ओढलेली.

२२ डिसेंबर, रविवार

नागम्मांकडे गेले, पाय धरले. मोडायचा काही उपाय सांगा म्हटलं. त्यांनी मला उठवलं, पाठीवरून हात फिरवला. इतकं वाईट वाटलं त्या मायेचं! उपाय नाही म्हणाल्या. “घरातली माणसं पुरी झाली की गप बसतंय ते. तवर न्हाई.”

अमरनाथ झोपेत काहीतरी बोलतो ते त्यांना सांगितलं. ‘बंदे अव्वा, बंदे’ असं. त्याचा अर्थ विचारला. तोंड फिरवूनच त्यांनी सांगितला.

आलो आई, आलो. असा अर्थ आहे.

त्याला कानडी येत नाही. कुणी शिकवलंच नाही.

२५ डिसेंबर, बुधवार

त्याला नांदेडला आणलं. रडून, भांडून, शेवटी मला बरं नाही अशी थाप मारून. काकांचं घर, गोदावरीची हवा, रस्त्यावर रिक्षांचा गोंगाट. इथे काही होणार नाही, असं वाटलं. काका त्याचा हात सोडत नव्हते. का नाही नेलं गावाकडे कधी, असं विचारलं त्यांना. त्या घरातला तो एकटाच उरला होता, म्हणून भीती वाटायची, एवढंच म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले.

अमरनाथ त्यांची समजूत घालत होता. किती शांत झालाय तो! लग्नाला सहा वर्षं झाली, सणावाराला त्याचा चेहरा पडायचा तो मी पाहिलाय. सगळ्यांना आई असते, मला नाही, असं एकदाच म्हणाला होता. ते दुखणं माझ्याने बरं झालं नाही. त्या दगडधोंड्यांनी केलं. याचा मला राग येतो. हो, राग येतो आणि मत्सरही वाटतो.

२७ डिसेंबर, शुक्रवार

उठले तर अंथरूण रिकामं. मोबाइल इथेच. काकांच्या दारात ओली पावलं, बाहेर जाणारी —

जीप मिळायला दुपार झाली. तो बोरीखाली होता. मला बघून हसला. आलीस, बरं झालं, म्हणाला.

नागम्माही गेल्या. नवं लुगडं नेसून, नवरा सापडला त्याच्या शेजारची जागा धरून. त्यांचा उंबरा आज कोरडा आहे. रेवणसिद्ध यांच्या आईचाही. धूळ बसलीय. खरं बोलत होत्या त्या, माणसं पुरी झाली की घर गप बसतं.

ओला फक्त आमचा.

२९ डिसेंबर, रविवार

कसंबसं त्याला नव्या गावात आणून खोलीला बाहेरून कुलूप लावलं. किल्ली माझ्या मुठीत. तो आत गुणगुणतोय. भूक नाही म्हणतो. अव्वाने जेवू घातलं म्हणतो —

काका निघाले आहेत. उद्या दुपारपर्यंत पोचतील. एवढा उद्याचा दिवस निभावला तर —

३० डिसेंबर, सोमवार

आज येळवस, वेळा अमावास्या. गाव रिकामं. सकाळपासून बैलगाड्या, ट्रॅक्टर, गाड्या भरभरून सगळे शेताला गेले. आंबील, भज्जी, उंडे घेऊन. आजच्या दिवशी गावात कुणी थांबत नाही. हाका मारल्या. दारं वाजवली. कुणी नाही. शेतांतून हाळ्या ऐकू येतात, लांबून. लोक हसताहेत.

कुलूप लावलेलं होतं. तो नव्हता.

आता घरासमोर आहे मी. बाहेर. तो आत भिंतीला टेकून बसलाय. मांडी घातलेली. श्वास चालू आहे, मी बघतेय, छाती हलतेय. किती हाका मारल्या —

मागच्या बाजूने गेले. तिथे भिंत गुडघ्याएवढीच आहे. ओलांडली आणि पुन्हा दारासमोर आले. पुन्हा गेले. पुन्हा दारासमोर. दुसरी वाट नाही. उंबऱ्यावरूनच.

फोन लागत नाही काकांना —

त्याचे डोळे मिटत चाललेत.

उंबऱ्यावर माप आहे. तांदळाने भरलेलं, शिगोशीग. आत्ता नव्हतं. देवाशपथ आत्ता नव्हतं.

मला कळलं. माणसं पुरी व्हायला हवीत. मी या घरची सून. नांदेडच्या भाड्याच्या खोलीत माप ओलांडलं मी, या घरात नाही. त्याच्या आईच्या हातून नाही —

आत बायका आहेत. दिसत नाहीत. बांगड्या वाजतात. नाव घे म्हणताहेत. हसताहेत. नाव घेतल्याशिवाय आत नाही. भाकरीचा वास येतोय. मलाही येतोय आता.

पळता येईल. रस्ता मोकळा आहे. काका भेटतील वाटेत. पण छाती हलतेय त्याची, अजून हलतेय. मी गेले तर तो असाच —

आत जाऊन ओढून आणीन. हाताला धरून. नाव घेतलं तर घेतलं. मी त्याला आणलं इथे, मीच धुतला हा दगड —

वही बाहेर ठेवतेय. काका, तुम्हाला सापडली तर आत येऊ नका. उंबऱ्याला हात —

त्याने डोळे उघडले. बघतोय माझ्याकडे. हात पुढे केलाय.

उजवा पाय आधी. आई म्हणायची उजवाच. अमरनाथरावांचं नाव घेते, माप ओलांडून मी