गौरीच्या ॲनिमेशनचा सौदा

११ मार्च, मंगळवार
बाजार बरा. दोन जोड्या गेल्या. तिसरीचं गिऱ्हाईक बैलाचे दात बघून बघून घरी गेलं. ऊन आत्ताच डोक्यात शिरतंय, पुढं काय हाय देव जाणे.

घरी आलो तर पोरगी उंबऱ्यातच. बारावीचा शेवटचा पेपर देऊन आलेली. चपला बी न काढता म्हणती, "अप्पा, मला ॲनिमेशन करायचंय."

म्या म्हणलं, कर की. पण आधी जेव, मग कर.

मंडळी हसली. गौरी न्हाय हसली. म्हणजे हे कायतरी मोठं दिसतंय.

१२ मार्च
ॲनिमेशन म्हणजे कार्टून. चित्राला चालवायचं, बोलवायचं. त्याचं शिक्षण असतंय म्हणे, दोन वर्षाचं, चार वर्षाचं, ज्याला जसं पायजे तसं. आमच्या जळकोटात आजपत्तर कुणी केलेलं न्हाय. आमच्याकडं पोरी डी.फार्म करत्यात, नर्सिंग करत्यात. हिच्याच डोक्यात हे कुठनं शिरलं?

मंडळी म्हणली, "तुमी बाजारात बैलाचे सौदे जुळवताव, हेडी म्हणून फिरताव, ते कुणाला इचारून केलाव?"

ही बाई कुणाच्या बाजूनं बोलती तेच कळत न्हाय.

शेवटी ठरलं. म्या सांगितलं, पाठवीन, पण एकदाच. अर्ध्यातनं परत आलीस तर गपगुमान डी.फार्म. त्यामुळं कुठं शिकायचं ते नीट बघून घ्यायचं. बघून घेण्यात आपला हात कोण धरणार? तीस वर्षं तेच करतोय.

१५ मार्च
सोलापूरला एक क्लास बघितला. एका वर्षाचा. जिन्यात अंधार, वर चार कॉम्प्युटर, त्यातल्या एकावर टावेल टाकलेला. सरांनी टीव्हीवर नाचणारा हत्ती दाखवला. हत्ती झकास. मग पोरांचं काम दाखवलं: लग्नाची मोबाईलवरची पत्रिका. बदामात नवरा, बदामात नवरी, दोघं उडत उडत येतात आन धडकतात. वर फुलं.

मला आवडलं. लग्नसराईत गावोगाव चालेल. गौरीकडं बघितलं तर तिचं तोंड कडू औषध घेतल्यासारखं.

येष्टीत म्हणली, "अप्पा, हे फोटो उडवणं झालं."

"मग तुझं ॲनिमेशन म्हणजे काय?"

"कागदावरच्या रेघेत जीव हाय असं वाटलं पायजे!" एवढ्या जोरात म्हणली की पुढच्या सीटवरचा म्हातारा वळून बघाय लागला. म्या त्याला सांगितलं, बारावीचे पेपर झालेत आत्ताच.

१८ मार्च, मंगळवार
बाजारात हसनभाईला इचारलं. हसनभाई माझा भागीदार. म्या बैल दाखवतो, तो लांबनं येतो, अनोळखी असल्यागत जोडीभोवती फिरतो, "मैं लेतूं, मैं लेतूं" करतो. मग खरं गिऱ्हाईक घाबरून पटकन घेतं. असं त्याचं काम.

म्हणला, "शरणाप्पा, पुणे जाव. अच्छा माल उधरीच."

२४ मार्च
काल पुण्याला जाऊन आलो. नीट लिहून ठेवतो, कारण मंडळीला अर्धंच सांगितलंय.

काचेचं दार, आत एसी. टाय घातलेले सर. बसल्या बसल्या थंड पाणी, मग कॉफी. दोन वर्षाचा कोर्स, शंभर टक्के नोकरी. मोठ्या टीव्हीवर काय काय दाखवलं. गौरी मधीच म्हणली, "तुमच्या शेवटच्या वर्षाच्या पोरांनी केलेलं दाखवा." सर म्हणले, "मॅडम, ते सगळं पुढं बघू." अठरा वर्षाच्या पोरीला मॅडम!

म्या बाहेर आलो. ज्यानं औत धरलंय त्यालाच बैलाचं इचारावं, अशी आपली रीत. टपरीवर एक पोरगा उभा होता, गळ्यात हेडफोन. इचारलं, तू इथंच शिकतो का? तर काय बोलला! "काका, माझं आयुष्य बदललं. माझ्या भावालाबी इथंच टाकणाराय. पण दोनच जागा राहिल्यात, सकाळी एकजण बघून गेलेत." चहा तसाच टाकून आत पळालो.

फीचं बोलणं निघालं. म्या सवयीनं खांद्यावरचा टावेल उजव्या हातावर टाकला आन हात सरांच्या पुढं केला. आमच्यात भाव टावेलाखालीच ठरतो, बोटं दाबून, तोंडानं बोलायचं न्हाय. सरांनी टावेलाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आन घाबरून म्हणले, "काका, हाताला लागलंय का?" तवर एक पोरगी औषधाची पेटी घेऊन आलीबी.

गौरी भिंतीवरच्या पोस्टरकडं बघत होती. मान इकडं वळवायलाच तयार न्हाय.

मग समजून सांगितलं. सरांनी हात आत घातला. म्या बोट दाबलं की हे हसायचे. गुदगुल्या होतात म्हणे. असला सौदा जन्मात केला न्हाय. शेवटी "डन काका, डन" म्हणले. म्या इसाराचे पैसे दिले. जबान दिली.

येताना सोलापूरपत्तर पोरगी खिडकीकडं तोंड करून बसली.

२५ मार्च
आज बोलली.

"अप्पा, तो हत्ती बघितलाव का?"

"कुठला हत्ती?"

"पुण्याच्या टीव्हीवरचा. सोलापूरच्या क्लासात होता तोच. तोच नाच, तीच सोंड. दोघांच्या बी पोरांनी केलेला न्हाय तो."

म्या म्हणलं, असल, हत्ती हत्तीसारखाच दिसणार.

"आन तो हेडफोनवाला? तुमी आत सही करत होताव तवा तो दारातनं आत आला, गळ्यात कार्ड घातलं आन काउंटरवर बसला. तिथं कामाला हाय तो. गिऱ्हाईक आणायचं काम."

म्या खाटेवर बसलो. मग आडवा झालो. तीस वर्षं हसनभाईला उभा करतोय म्या. आन मलाच हसनभाई भेटला, तोबी मिसरूड न फुटलेला!

१ एप्रिल, मंगळवार
हसनभाईला सांगितलं. हसून हसून कडब्याच्या पेंढीवर बसला. "अरे शरणाप्पा, हमारीच चाल हमपेच!" नंतर एका जोडीसाठी त्याला गिऱ्हाईक व्हायचं होतं. निम्म्यात माझ्याकडं बघितलं आन फिसकन हसला. खरं गिऱ्हाईक शहाणं झालं आन निघून गेलं. आजचा बाजार गेला.

३ एप्रिल
घरात भांडण.

गौरीनं दुसरंच काढलंय. एक सरकारी कॉलेज, चार वर्षाची डिग्री. तिथं पयल्या वर्षी चित्रच काढाय लावत्यात, माणसं, जनावरं, सगळं हातानं. कॉम्प्युटर नंतर. म्हणती, "कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर दर दोन वर्षाला बदलतंय अप्पा. हात शिकला तर कुठलंबी चालवता येतंय." त्याला प्रवेश परीक्षा हाय. जागा इनमीन मूठभर, बसणारी पोरं सगळ्या देशातली.

म्या इचारलं, नंबर न्हाय लागला तर?

ती पेन्सिलीला टोक कराय लागली.

म्या म्हणलं, पुण्याला इसार दिलाय. या शरणाप्पानं दिलेली जबान बाजारात आजपत्तर फिरवली न्हाय. मेलेल्या बैलाचासुदिक सौदा पाळलाय.

मंडळीचं माहेर कर्नाटकातलं, आळंदकडचं. चिडली की कानडीत शिरती. म्हणली, "ब्याड अंद्र ब्याड!" नको म्हणजे नको. मला कानडी येत न्हाय असं म्या लग्नापासून दाखवतोय, ते बरं पडतंय.

शेवटी तोड निघाली. परीक्षा द्यायची. तवर पुण्याची जागा धरून ठेवायची. दोन्ही डगरीवर पाय.

५ एप्रिल
पोरगी दिसल त्याला काढत सुटलीय. दळणाला आलेल्या बाया, हायवेवरचे ट्रकवाले, शेजारची म्हैस. म्हशीचा मालक भांडायला आला, म्हणला, नजर लागती, दूध आटतं. त्याला त्याचंच चित्र काढून दिलं तवा गेला.

८ एप्रिल, मंगळवार
बाजारातनं घरी आलो आन लई राग आला.

गौरीनं वहीच्या कोपऱ्यात काय काय काढलेलं. पानं भराभर सोडली की चित्र हालतं. मंडळीला दाखवत होती. मंडळी पदर तोंडात कोंबून हसत होती, डोळ्याला पाणी. म्या बघितलं तर म्याच! खाटेवरनं उठतोय. आधी गुडघ्यावर हात. मग थांबतो, इकडं तिकडं बघतो, कुणी बघत न्हाय ना. मग कंबर. मग तोंडानं काहीतरी, "हूं" म्हणतो वाटतं. मग लुंगी.

म्या म्हणलं, बापाची चेष्टा करताव? आन बाहेर गेलो.

दोघी किराणा आणाय गेल्या तवा परत आलो आन वही काढली. लई वेळा सोडली पानं. म्या असा उठतो? कवापासून? बैल कसा उठतो ते लांबनं ओळखतो म्या, आन स्वतः म्हातारा झालो ते कळलंच न्हाय. वाईट वाटलं. आन बरंबी लई वाटलं. पोरीचं एवढं ध्यान हाय माझ्यावर. त्यात ते "हूं" सुदिक घेतलंय तिनं, आवाज न्हाय तरी ऐकू येतं.

पुण्याच्या त्या हत्तीत काय न्हाय ते आत्ता कळलं.

१३ एप्रिल, रविवार
परीक्षा. सोलापूर सेंटर. बाहेर झाडाखाली आई-बाप. एकजण इस्त्रीच्या कपड्यातला, इचारतो, "तुमच्या मुलीचा कोचिंग क्लास कुठला?"

म्या म्हणलं, घरीच. मॉडेल म्या.

लांब सरकून बसला.

गौरी बाहेर आली ती हातभर काळी, पेन्सिलीनं. म्हणली, येष्टी स्टँडवर गाडी लागल्यावरची पळापळ काढायला आली होती. तिनं खिडकीतनं रुमाल टाकणारे काढले, एकानं जागा धरायला पोरगंच आत टाकलंय ते काढलं, टपावर चढणारा काढला.

"बेस," म्या म्हणलं.

"अप्पा, ड्रायव्हर राहिला काढायचा."

म्या म्हणलं, चहा प्यायला गेला असंल म्हणतील. पण रस्ताभर ती ड्रायव्हर ड्रायव्हर करत रडली. माझ्या बी मग तो ड्रायव्हर डोळ्यापुढनं जाईना.

२९ एप्रिल, मंगळवार
पुण्याच्या सरांचा फोन. जागा पक्की करा. म्या म्हणलं, जरा थांबा. निकाल ९ मे ला हाय, ते न्हाय सांगितलं.

२ मे
परत फोन. म्या म्हणलं, पाव्हणे आलेत.

४ मे
परत. म्या म्हणलं, रेंज न्हाय. आन बोलत राहिलो.

६ मे, मंगळवार
हातनं काय झालं ते झालं.

भर बाजारात, टावेलाखाली बोटं घातलेली, सौदा ठरायला आलेला, आन फोन. सर. "काका, आजच काय ते सांगा. दुसरी पार्टी माझ्यापुढं बसलीय."

दुसरी पार्टी! अरे, तीस वर्षं हेच वाक्य विकून घर चालवलंय म्या. अंगाची लाही लाही झाली. म्या म्हणलं, "बसलीय ना? मग द्या तिलाच. सौदा मोडला. इसार तुमचा. माझी पोरगी तुमच्या हत्तीला हात लावणार न्हाय!"

अख्खा बाजार माझ्याकडं बघाय लागला. बैलंसुदिक बघत होती असं वाटलं. हसनभाईनं डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. म्हणला, "शरणाप्पा, तू ज़बान फिराया?"

म्या म्हणलं, व्हय. फिरवली.

घरी येस्तवर पाय जमिनीवर न्हवते. एवढं हलकं कवा वाटलं न्हाय. सरकारी कॉलेज की जय. घरी आत्ता काय सांगायचं न्हाय, निकालाच्या दिवशी पेढ्यासंगट सांगतो.

८ मे, गुरुवार
उद्या सकाळी अकरा वाजता निकाल.

गौरी सकाळपासनं जेवली न्हाय. वहीला हात न्हाय. म्हशीचा मालक कुंपणापाशी येऊन उभा राहिला, आज काढणार न्हाय का म्हणून, त्यालाबी बोलली न्हाय.

दुपारी माझ्या खाटेपाशी येऊन बसली. "अप्पा, एक बोलू? रागवणार न्हाय ना?"

"बोल की."

"नंबर न्हाय लागला तर मी पुण्याला जाईन. तुमी खरं बोलताव, एकदाच जायचंय, मग जिथं जाईन तिथं रेटून शिकेन. सर कसेबी असू द्या, रोज हातानं काढत राहीन. तेवढं पुणं हाय म्हणून धीर हाय मला. न्हायतर मी मरूनच गेली असती बघा भीतीनं."

मंडळी दारात. तिनं पयल्यांदा माझ्या बाजूनं मान हालवली. आन चक्क मराठीत म्हणली, "व्हय, तुमी इसार दिलाव ते एक बरं केलाव."

दोघी माझ्याकडं बघतायत.

म्या म्हणलं, "हाय की. पुणं कुठं पळून जातंय?"

गौरी हसली. उठली, हात धुतले, आन आईला म्हणली, वाढ. ठेच्यासंगट दोन भाकरी खाल्ल्या पोरीनं. माझं पण ताट वाढलं होतं. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.