पितळी पाठीची करवत

प्रिय चिमणे,

तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. घाबरू नकोस, कानस लागली, इतकंच. मी करवत बनवत होते.

हात थरथरायला लागल्यापासून तुझे बाबा कामाच्या खोलीकडे फिरकले नव्हते. खिडकीशी बसायचे, जेवा म्हटलं की जेवायचे. काही विचारलं तर हूं, नाहीतर तेही नाही. गेल्या आठवड्यात आवराआवर करताना मी एका जुन्या करवतीचं पातं भंगारात काढलं, तर दारात येऊन उभे. चांगलं पोलाद आहे ते, म्हणाले. मग करा ना त्याचं काहीतरी, मी म्हटलं. त्यांनी नुसते हात वर करून दाखवले. मग मीच पदर खोचला.

पात्याचा तुकडा कापून कडा घासल्या. पातळ पातं कापताना लवतं, म्हणून त्याच्या पाठीवर पितळेची पट्टी दुमडून बसवतात. पहिली पट्टी दुमडतानाच तडकली. आधी तापवायची असते, कागद आहे का तो, असे बाबा ओरडले की शेजारीण डोकावून गेली. दुसरी मी शेगडीवर लाल केली, मग निमूट दुमडली. दातांची पहिली ओळ म्हाताऱ्याच्या तोंडासारखी झाली. कानसच बोथट आहे, मी म्हटलं. नाचता येईना अंगण वाकडं, ते म्हणाले. सगळे दात घासून पुन्हा पाडले. मग एक दात डावीकडे, एक उजवीकडे जरासा वाकवायचा, म्हणजे करवत लाकडात अडकत नाही. तेव्हा ते माझं मनगट धरायचे. थरथर माझ्याही हातात उतरायची.

काल कापून पाहिलं. काप सरळ आला. कोपऱ्यावरचा सुतार बघून गेला, त्यालाही तसलीच हवी आहे. बाबा त्याला म्हणाले, आमच्याकडे वेळ लागतो. आमच्याकडे, म्हणाले.

शनिवारी टेम्पो घेऊन येते, असं तू लिहिलंस. घराला गिऱ्हाईक मिळालंय, तुझ्याकडची मागची खोली आमच्यासाठी रंगवून झाली, हेही वाचलं. रंग फुकट गेला याचं वाईट वाटतं. तू ये, जावईबापूंनाही आण. टेम्पो नको. यांना मी अजून काही विचारलेलं नाही. आत्ता पितळ कुठे ठेवलंस म्हणून ओरडताहेत, तुला तिकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. जाते.

तुझीच,
आई