तिसऱ्या टॅपेटचा आवाज

शहागड
ता. १९ नोव्हेंबर

गोजरीच्या पप्पांना सुरेखाचा नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका. घरात सगळे बराबर हायेत. तात्यांचा खोकला गेला, आईंचं गुडघं हाय तसंच हाय. कपाशीची दुसरी येचणी चालू हाय. तुम्ही टायमावर जेवता का न्हाई? फोनवरच इचारलं असतं, पण तिकडं तुमच्या खोलीवर पोरं असत्यात आन इकडं मी फोन घेतला की आई शेजारी येऊन बसतात. कारभारीभाऊजी कांद्याची गाडी घेऊन पुण्याला निघाले, त्यांच्या हाती देऊन राह्यले. एकटे असताना वाचा.

आधी जीपचं सांगते. तुम्ही म्हणला व्हता, म्हातारी झाली, भंगारात घाला. तात्यांनी काय घातली न्हाई. आता इतकी गप चालती की तुम्ही वळखणार न्हाई.

झालं असं, दिवाळीपासून इंजनात टकटक व्हायची. गाडी जोरात पळवली की टकटक बी जल्दी जल्दी. तात्या म्हणले ऑइल कमी असंल. ऑइल घातलं, तरी तेच. मंग परवा ते मला आन गोजरीला परतूरला माझ्या माहेरी सोडायला निघाले. का निघाल्ते ते पुढं सांगते. हायवेला लागलो आन आवाज असा वाढला की तात्यांनी गाडी सरळ निजामोद्दीनचाचांच्या गॅरेजात घातली.

चाचा तुम्हाला माहीत हायेत. लहानपणी कान वाहून वाहून ऐकू यायचं गेलं, म्हणून बोलतात ते सगळ्या रस्त्याला ऐकू जातं. त्यांनी नुसता बोनटवर हात ठेवला आन म्हणले, "रामप्रसादभाऊ, जीप आणली का शिलाई मशीन?"

तात्या वरडून म्हणले, "आवाज काढायला बहिऱ्याकडं आणली, माझी बी अक्कल बघा."

चाचा हसले. "बहिरा बाहेरून हाय भाऊ. आतून न्हाई."

मंग त्यांनी लाकडी मुठीचा लांब पेचकस, स्क्रू फिरवायचा, तो घेतला. टोक इंजनाच्या वरच्या पत्र्यावर टेकवलं आन मूठ दातात धरली. मी असलं कधी बघितलं नव्हतं. डोळे मिटले आन टोक एकेका जाग्यावर सरकवत गेले, आपण अंधारात काडेपेटी चाचपडतो तसं. एका जाग्याला थांबले आन तीन बोटं वर केली. तिसरं टॅपेट.

मला वाटलं त्यांनी अंदाजच ठोकला. मंग त्यांनी समजून सांगितलं. कान गेले तरी आवाज दातातून, हाडातून आत पोचतो. इंजनाच्या डोक्यात बारकी झाकणं असत्यात, उघडतात, मिटतात. त्यांना वरून लोखंडी हातोडीवानी एक तुकडा दाबतो, त्यालाच टॅपेट म्हणत्यात. दोघांच्या मधी कागदाएवढी फट पाहिजे. फट वाढली की हातोडी आपटती. हे सांगताना पेचकस तसाच पत्र्यावर टेकलेला, मूठ चाचांच्या हातात, इंजन चालू. गोजरी माझ्या कडेवर. तिच्या दाढा येऊन राह्यल्यात, दिसंल ते तोंडात घालती. ती झुकली आन ती मूठ चावली.

आन थांबली.

तुम्ही म्हणताल पोरगी खेळली, यात काय सांगायचं. अहो, आपल्या गोजरीला ऐकू येत न्हाई.

लिहिलं बाई एकदाचं. अक्षर संभाळून घ्या.

मला हे आठवड्यापासून न्हाई, लई दिवसापासून माहीत हाय. दिवाळीत गल्लीत सुतळी बॉम्ब वाजायचे आन ही झोपलेली. आई म्हणायच्या किती शांत लेकरू. मी तिच्या पाठीमागं पितळी परात आपटून बघितली. आई सैपाकघरातून धावत आल्या, हिनं मान बी वळवली न्हाई. तुम्ही फोनमधून गोजे गोजे करता, तवा मी मागून तिच्या पाठीला बोट लावते. मंग ती बघती आन तुम्ही खूश व्हता. एवढं मी तुम्हाला फसवलं.

पण करू काय? तुमच्या चुलत्याच्या घरच्या कांताबाईचं पोरगं बोलंना, तर तिलाच माहेरी धाडलं. तिच्या घराण्यात खोट म्हणले. त्या टायमाला तुम्ही बी गप बसलात. मी ते इसरले न्हाई. म्हणून मी माझ्या माहेरच्या आईला बरं न्हाई असं सांगितलं आन पिशवी भरली. कुणी धाडायच्या आधी आपणच जावं. परतूरला गेले असते तर मी परत येणार नव्हते. तात्यांना कायबी माहीत नव्हतं.

तर गोजरीनं मूठ चावली आन तिचे डोळे असे मोठे झाले. श्वास धरल्यावानी. मंग हसली. तात्यांनी चावी फिरवून इंजन बंद केलं, तशी तिनं मूठ तोंडातून काढून बघितली, परत चावली आन रडायला लागली. चाचा तिच्याकडं बघतच राह्यले. म्हणले, "भाऊ, परत चालू करा." चालू केलं, तर रडणं बंद.

चाचांनी माझ्याकडं बघितलं आन त्यांना कळलं. बहिऱ्याला बहिऱ्याचं कळतं.

चाचांनी इंजन गार हू दिलं आन वरचा पत्रा उघडला. आत सगळ्या हातोड्या तेलानं चमकत व्हत्या, तिसरी तेवढी कोरडी ठाक. तेल यायच्या भोकात काळा गाळ अडकल्याला. इंजन गप करायला तेलाला वाट पाहिजे, बस. चाचांनी सगळं खोलून डिझेलनं धुतलं, बारीक तारेनं भोक मोकळं केलं. मंग कागदावानी पातळ लोखंडी पत्ती घालून फट मापली. पत्ती लोण्यातून सुरी जावी तशी सरकली पाहिजे म्हणतात, ढिली बी न्हाई आन अडकायची बी न्हाई. ते बघत बघत मी रडायचं इसरले.

गाडी चालू केली. टकटक गेली. नुसता घर्र आवाज.

चाचांनी मूठ साबणानं धुतली, शर्टाला पुसली आन सोताहून गोजरीम्होरं धरली. तिनं चावली. काढली. मुठीकडं बघितलं. परत चावली आन चाचांच्या तोंडाकडं बघितलं, कुठं गेलं म्हणल्यावानी.

चाचा पहिल्यांदाच हळू बोलले. "बेटी, हिला फरक कळला. आवाजाला आत जागा हाय. वाटंत काय अडकलं ते डाक्टर बघंल. मी इंजनाचा माणूस, मला जास्ती इचारू नको."

तात्या टायरवर बसल्याले. माझ्याकडं बघंनात. मंग उठले, तो पेचकस सोताच्या दातात धरला आन इंजनाला लावला. कानात बोटं घालून लई येळ तसेच उभे. टोपी पडली ती बी उचलली न्हाई, मीच उचलली.

जीपमधी बसल्यावर इचारलं, परतूरला जायचं का घरी. मी पिशवीकडं बघितलं. त्यांनीच गाडी वळवली. म्हणले, "तुझी सासू काय म्हणायचं ते मला म्हणंल."

गाडी इतकी गप चालत व्हती. मी माझी हनुवटी गोजरीच्या टाळूवर टेकवली आन म्हणलं, गोजरे. ती ताठ झाली. परत म्हणलं. तिनं हात वर करून माझा गळा चाचपला. आन अहो, तिनं सोताच्या आवाजात "ए" केलं. मला ओ दिली. माझ्या अंगावरचा काटा अजून उतरला न्हाई. घर येईस्तोवर मी तिला हाका मारत व्हते आन ती ओ देत व्हती. तात्या म्होरं बघून गाडी चालवत व्हते, पण डोळे पुसत व्हते.

सोमवारी जालन्याला कानाच्या डॉक्टरकडं जायचं हाय. तात्या येणारेत. काय निघंल मला माहीत न्हाई. भ्या वाटतंच. आईंना तात्यांनी सांगितलं, त्या अजून माझ्याशी बोलल्या न्हाईत. पिशवी भरूनच ठेवली हाय.

तुम्हाला राग आला तर फोनवर काढू नका. इथं या आन माझ्या तोंडावर काढा. पण त्याच्या आधी लेकराला उचला, हनुवटी तिच्या टाळूवर टेकवा आन हाक मारा. दीड वरसाची झाली, तिनं अजून बापाचा आवाज ऐकला न्हाई.

तुमची म्हणून सही करावी का न्हाई, ते तुम्ही आल्यावर कळंल. तवर,

गोजरीची आई
सुरेखा